बंबापासून गच्चीपर्यंत : बंगळुरातील ऊन पाण्याची गोष्ट

स्मरणिकेत दरवर्षी इतिहासाचा एक लेख असतो. शहाजीराजांची बंगळूरची जहागीर झाली, तंजावरचे भोसले झाले, मंडळाच्या जुन्या गणपतींच्या आठवणीही छापून झाल्या. यंदा संपादकांनी मला विचारले तेव्हा मी म्हटले, मी न्हाणीघराचा इतिहास लिहीन. ते हसले, पण नाही म्हणाले नाहीत. अठ्ठावीस वर्षे शाळेत भौतिकशास्त्र शिकवलेल्या बाईला नाही म्हणणे तसे कठीणच असते.

विषय सुचण्याचे कारण अगदी घरगुती आहे. जूनमध्ये आमच्या अपार्टमेंटच्या असोसिएशनची सभा झाली. पाच मजले, तीस घरे. गच्चीवर सौर पाणीतापकांची रांग आहे, ती २००९ साली इमारतीबरोबरच आलेली. आता निम्मी पॅनेले निकामी झाली आहेत आणि एक टाकी गळते. दुरुस्ती करायची की सगळे भंगारात काढायचे, एवढाच विषय होता. त्यावर दोन तास भांडण झाले! वरच्या मजल्यावरचे म्हणाले, आमचे पाणी छान तापते, कशाला हात लावता? खालच्या मजल्यावरचे म्हणाले, इतकी वर्षे आम्ही देखभालीची वर्गणी भरली आणि गार पाण्याने तोंड धुतले. एक तरुण गृहस्थ म्हणाले, वीज दोनशे युनिटांपर्यंत फुकट आहे, ज्याने त्याने गिझर लावावा आणि विषय संपवावा. शेवटी सभा गणपतीनंतर पुन्हा भरवायचे ठरले.

घरी आल्यावर मनात आले की बादलीभर ऊन पाण्यासाठी माणसे इतकी हमरीतुमरीवर का येतात? मग एकेक जुन्या गोष्टी आठवत गेल्या, काही वाचल्या, आणि ध्यानात आले की हे भांडण नवे नाही. पाणी तापवण्याचा भार नेहमी कोणीतरी उचलत आलेले आहे. ज्याच्या अंगावर पाणी पडते त्याला तो भार बहुधा दिसत नाही, इतकेच.

माझे माहेर साताऱ्याचे. आमच्या न्हाणीच्या तोंडाशी तांब्याचा बंब होता. बंब पाहिलेला नाही अशी मुले आता मंडळात पुष्कळ आहेत, म्हणून सांगते. बंब म्हणजे तांब्याचे उभे, गोल भांडे. त्याच्या मधोमध आरपार नळी. नळीच्या तळाशी जाळी, जाळीवर विस्तव, आणि नळीचे वरचे टोक म्हणजे धुराडे. पाणी नळीच्या भोवती. म्हणजे विस्तव पाण्याच्या पोटातच असे आणि आच बाहेर जायच्या आधी पाण्याला लागे. खाली राखेचा खण, बाजूला तोटी. उघड्या चुलाणावर ठेवलेल्या हंड्यापेक्षा ही रचना कितीतरी सरस. मी पुढे वर्गात उष्णतेचा धडा शिकवताना फळ्यावर बंबाचे चित्र काढत असे. पुण्याच्या तांबट आळीत असे बंब ठोक्याठोक्याने घडत. एकेका बंबाने तीन तीन पिढ्या आंघोळी केल्या.

पण फळ्यावरच्या चित्रात आजी नसे. आजी पहाटे साडेचारला उठे. आदल्या संध्याकाळी गोवऱ्या, काटक्या, नारळाच्या करवंट्या, सुताराकडच्या ढलप्या असे जे मिळेल ते कोपऱ्यात रचून ठेवलेले असे. पावसाळ्यात जळण ओले, त्यामुळे धूर नळीतून वर जाण्याऐवजी न्हाणीत पसरे. पहिली आंघोळ आजोबांची, मग काका आणि बाबा, मग शाळेची मुले, आणि बायका सर्वांत शेवटी. तोवर निखारे विझत आलेले असत आणि घंगाळात विसण घालण्याची गरजच उरत नसे. आजीला खोकला होता. एखाद्याला चष्मा असतो तसा तो आजीचा खोकला म्हणून घरात रूढ झाला होता. त्याचा बंबाशी संबंध कोणी जोडला नाही. मीही नाही, पदार्थविज्ञान शिकत असूनसुद्धा.

लग्नानंतर १९७८ साली मी बंगळूरला आले. मल्लेश्वरमला आमच्या घरमालकीणबाईंच्या बच्चलमनेत, म्हणजे न्हाणीघरात, भिंतीत बसवलेला मोठा तांब्याचा हंडा होता. कन्नडात त्याला हंडेच म्हणतात. खाली चुलाण, लाकडे बाहेरच्या अंगाने सारायची सोय. दिवाळीत त्रयोदशीच्या संध्याकाळी त्या अज्जी हंडे चिंचेने घासून, चुन्या-कावेने रेघा ओढून, फुले वाहून त्यात नवे पाणी भरीत. या सणाचे नावच 'नीरु तुंबुव हब्ब', म्हणजे पाणी भरण्याचा सण. साताऱ्याला आम्ही नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी बंबाला झेंडूची माळ घालत असू. परक्या गावात पहिल्या दिवाळीला मला रडू आले नाही त्याचे थोडे श्रेय त्या हंड्याला आहे. आणि हो, त्या अज्जींनाही खोकला होता.

आता जरा लांब जाऊ, कारण 'गिझर' हा शब्द फार लांबून आला आहे. आइसलंडमध्ये जमिनीतून उसळणारे गरम पाण्याचे कारंजे आहे, त्याचे नाव गेसिर. त्यावरून इंग्रजीत असल्या कारंज्यांना गिझर म्हणू लागले. लंडनच्या बेंजामिन वॉडी मॉन याने १८६८ साली गॅसच्या ज्योतीवर चालता चालता पाणी तापवणारे यंत्र काढले आणि त्याला हेच नाव दिले. आपल्याकडे पुढे गॅस मागे राहिला आणि विजेच्या टाकीला ते नाव चिकटले. मॉनच्या यंत्राची एक खोड मात्र लक्षात ठेवा, तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे : त्याला धुराडे नव्हते. ज्योतीचा सगळा वायू न्हाणीघरातच राही.

वीज आपल्या या भागात लवकर आली. कावेरीवरच्या शिवनसमुद्र येथील केंद्रातून १९०२ साली कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज मिळू लागली आणि १९०५ साली बंगळूर शहरात विजेचे दिवे लागले. पण दिवा वेगळा आणि पाणी वेगळे. मध्यमवर्गीय न्हाणीघरात विजेचा गिझर यायला पुढे कित्येक दशके लागली. आधी आला तो पाण्यात बुडवायचा रॉड. बादलीत रॉड सोडायचा, बटण दाबायचे आणि मुलांना 'तिकडे जाऊ नका' म्हणून ओरडत राहायचे. बटण बंद न करता पाण्यात बोट घालून पाहणाऱ्यांना बसलेले झटके आपण सर्वांनी ऐकले आहेत. काही घरांत ते झटक्यावरच थांबले नाही. तरीही रॉड आला आणि पहाटे साडेचारचे उठणे साडेपाचवर आले.

इथे एक छोटे गणित करू, मोडलेली सवय जात नाही. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते आणि विजेच्या एका युनिटात ८६० किलोकॅलरी असतात. वीस लिटरची बादली वीस अंशांपासून बेचाळीस अंशांपर्यंत नेली तर ४४० किलोकॅलरी, म्हणजे साधारण अर्धे युनिट. चौघांच्या घरात दिवसाला दोन युनिटे, महिन्याला साठ. गिझरच्या टाकीतून झिरपून जाणारी उष्णता वेगळी. अलीकडे गिझरवर जे तारे छापलेले असतात ते याच झिरपण्यावरून ठरतात. साठ युनिटे म्हणजे काही फार वाटत नाही. खरा घोळ युनिटांत नसून वेळेत आहे. सगळ्या गावाला सकाळी सहा ते आठमध्येच आंघोळ करायची असते. गिझर दोन किलोवॉटचा धरला तर एक लाख गिझर एकाच वेळी म्हणजे दोनशे मेगावॉट. शिवनसमुद्र केंद्राची वाढत वाढत झालेली सगळी क्षमता बेचाळीस मेगावॉट आहे. एकवीस हजार आंघोळींत ती संपली!

त्यातून कर्नाटकाची वीज दीर्घकाळ मुख्यतः पाण्यावर बेतलेली. शरावतीचा प्रचंड प्रकल्प १९६०च्या दशकात झाला आणि काही काळ वीज उदंड वाटली. पण पाऊस हुकला की धरण रिकामे आणि धरण रिकामे की वीजकपात. रायचूरचे कोळशावरचे केंद्र १९८०च्या दशकात सुरू झाले तरी ओढाताण राहिलीच. १९८० आणि ९०च्या दशकांत इथे राहिलेल्यांना ते भारनियमन आठवत असेल. परीक्षेच्या दिवसांत मुले मेणबत्तीवर अभ्यास करीत आणि सकाळी सहाला वीज आली की गल्लीतले सगळे गिझर एकदम सुरू होत.

या टप्प्यावर या गोष्टीत एक मोठा माणूस येतो. अमूल्य कुमार एन. रेड्डी हे इथल्याच भारतीय विज्ञान संस्थेतले रसायनशास्त्रज्ञ. १९७४ साली त्यांच्या पुढाकाराने संस्थेत 'अस्त्र' हा विभाग निघाला. विज्ञान खेड्याच्या उपयोगी पडावे हा त्याचा हेतू. कमी लाकडात जास्त आच देणारी 'अस्त्र ओले' ही चूल तिथलीच. १९८७ साली राज्याच्या वीजप्रकल्पांचा दीर्घ पल्ल्याचा आराखडा तयार झाला. विजेची मागणी अशीच चढत जाणार असे धरून त्यात नवी नवी केंद्रे मांडली होती. रेड्डींनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलट टोकाकडून सुरुवात केली. लोकांना वीज कशाला हवी असते? उजेडाला, शेताला पाणी द्यायला, आंघोळीचे पाणी तापवायला. मग ही कामे किती कमी विजेत होतील ते मोजू आणि त्यावरून किती केंद्रे लागतात ते ठरवू. १९९१ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'मध्ये त्यांचा पर्यायी आराखडा प्रसिद्ध झाला. त्यात विजेचे गिझर जाऊन तिथे सौर तापक आणि गॅस यावा, दिवे आणि पंप सुधारावेत, अशा साध्या साध्या गोष्टींची बेरीज होती. त्या बेरजेत राज्याला २००० साली लागणारी वीज सरकारी अंदाजाच्या निम्म्याहूनही कमी निघाली.

हा विचार वर्गात सांगायला मला फार आवडे. कोळसा हजारभर अंशांच्या भट्टीत जाळायचा, त्याच्या उष्णतेतला साधारण तिसरा हिस्सा वीज म्हणून मिळवायचा, ती तारांतून शेकडो किलोमीटर आणायची, आणि तिने काय करायचे, तर पाणी बेचाळीस अंशांवर न्यायचे! मुले हसत. मग घरी जाऊन गिझर लावत. आमच्याही घरी तोच होता, त्यामुळे मला रागवायचा हक्क नव्हता.

उन्हावर पाणी तापवण्याची युक्ती तोवर शंभर वर्षे जुनी झाली होती. आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे तिच्या भावंडाचा एक प्रयोग मुंबईत झाला. मुंबईत सरकारी नोकरीत असलेल्या विल्यम ॲडम्स या इंग्रजाने कुलाब्याला आरशांची अर्धवर्तुळाकार रांग लावून बॉयलरवर ऊन एकवटले आणि त्या वाफेवर इंजिन चालवले. आरशांच्या चुलीवर त्याने ऐन जानेवारीत सात शिपायांचे जेवण दोन तासांत शिजवून दाखवले. १८७८ साली त्याने यावर पुस्तकही लिहिले. उष्ण देशांत जळणाऐवजी सूर्याची उष्णता वापरावी, असा त्याचा रोख. पुस्तक राहिले, आरसे गेले.

घरच्या पाण्यासाठी पहिले यश मिळाले ते अमेरिकेत. बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केम्पने १८९१ साली काळ्या रंगाच्या टाक्या काचेच्या पेटीत ठेवून 'क्लायमॅक्स' नावाचा तापक विकायला काढला. दिवसा पाणी तापे, रात्री निवे. म्हणून १९०९ साली कॅलिफोर्नियात विल्यम बेलीने तापणारा भाग आणि साठवणारी टाकी वेगवेगळी केली, टाकीला जाड आवरण दिले आणि यंत्राचे नावच 'डे अँड नाइट' ठेवले. आज आपल्या गच्चीवर जे आहे ते मूळचे बेलीचेच. त्याचा धंदा चांगला चालला होता. मग लॉस एंजेलिसच्या आसपास नैसर्गिक वायू सापडला, स्वस्त झाला, आणि सौर तापक मागे पडले. फ्लोरिडात पुढे हीच कथा पुन्हा घडली. तिथे युद्धात तांबे मिळेना आणि नंतर वीज स्वस्त झाली. ऊन दोन्ही ठिकाणी होते तेवढेच होते.

इस्रायलची गोष्ट याच्या उलट. १९५०च्या दशकात तिथे इंधनाची इतकी टंचाई की रात्री पाणी तापवायलाच बंदी होती. लेव्ही यिस्सार या अभियंत्याने तेव्हा सौर तापक बनवायला घेतले. १९७३च्या तेलसंकटानंतर सरकारही जागे झाले आणि १९८०च्या कायद्याने नव्या घरांना सौर तापक सक्तीचा झाला. टंचाई आणि कायदा हे दोन्ही एकत्र आले तेव्हाच ही वस्तू टिकली.

आपल्याकडे केंद्र सरकारचा अपारंपरिक ऊर्जेचा विभाग १९८२ साली निघाला. कधी अनुदान, कधी कमी व्याजाचे कर्ज, असे चालू झाले. पण देशात सौर तापकांनी खऱ्या अर्थाने कुठे मूळ धरले असेल तर ते कर्नाटकात, आणि त्यातही बंगळुरात. याचे कारण हवेत आहे. चेन्नईला वर्षातले कितीतरी महिने नळाचेच पाणी कोमट असते. दिल्लीला गारठा कडक, पण तो चार महिन्यांचा. बंगळुरात पहाट बारा महिने गार असते, त्यामुळे ऊन पाणी रोज लागते, आणि डिसेंबर ते मे आकाश बहुतेक निरभ्र. यंत्र वर्षभर उपयोगी पडले तर त्याचे पैसे लवकर फिटतात. शिवाय त्या काळी इथली घरे स्वतंत्र आणि बैठी होती. ज्याची आंघोळ त्याचीच गच्ची!

आम्ही १९९६ साली बनशंकरीला लहानसे घर बांधले तेव्हा शंभर लिटरचा सौर तापक बसवला. ह्यांचा विरोध होता, कारण त्यात चांगले दोन महिन्यांचे पगार गेले. पहिल्या आठवड्यात हेच शेजाऱ्यांना गच्चीवर नेऊन दाखवू लागले. पंप नाही, बटण नाही. काचेखाली काळा पत्रा आणि तांब्याच्या नळ्या. तापलेले पाणी हलके होऊन आपोआप वरच्या टाकीत चढते आणि टाकीतले गार पाणी खाली उतरते. दुपारी शाळेतून येऊन नळ सोडला तर हात भाजे. दोन्ही घरांच्या आठवणीत पहिल्यांदाच असे झाले की पाणी तापवण्यासाठी घरात कोणी आधी उठले नाही. सासूबाई तेव्हा आमच्याकडे होत्या. आपली आंघोळ आता शेवटी नको, सर्वांत आधी हवी, असे त्यांनी एकाहत्तराव्या वर्षी जाहीर केले.

सगळे गोडच होते असे मात्र नाही. जून ते ऑगस्ट ढग असत आणि टाकीतला विजेचा गज लावावा लागे. आणि चौथ्या वर्षी पाणी तापेनासे झाले. आमच्याकडे बोअरवेलचे पाणी होते, ते कठीण. चहाच्या भांड्याला चढतो तसला पांढरा थर तांब्याच्या नळ्यांत चढून त्या बुजल्या होत्या. विकताना पाणी कसे आहे हे कोणी विचारले नव्हते आणि शिकलेली असून मलाही सुचले नव्हते. नळ्या आम्लाने धुऊन घेतल्या, पुढे दर दोन वर्षांनी धुवाव्या लागल्या. कावेरीचे पाणी आलेल्या घरांना हा जाच कमी आणि बोअरवेलवाल्यांना फार. बंगळुरात सौर तापक 'चालत नाहीत' म्हणणाऱ्यांना मी आधी विचारते, पाणी कुठले?

२००७ साली राज्याने पाऊल उचलले : ठरावीक आकारापेक्षा मोठ्या नव्या घरांना सौर तापक बसवल्याखेरीज वीजजोडणी नाही. ज्यांच्याकडे तापक आहे त्यांना बिलात युनिटमागे ५० पैसे, महिन्याला जास्तीत जास्त ५० रुपये सूट मिळे. पन्नास रुपये म्हणजे काय ते, पण बिलावर ती ओळ पाहून बरे वाटत असे. महाराष्ट्रात ठाणे महापालिकेनेही असा नियम केला आणि पुण्यात मिळकतकरात सवलत ठेवली. २०१०च्या राष्ट्रीय सौर मोहिमेत तापकांना अनुदान मिळू लागले, ते २०१४ साली बंद झाले. दरम्यान चीनमधून निर्वात काचनळ्यांचे तापक आले, स्वस्त आणि ढगाळ हवेतही बऱ्यापैकी चालणारे. त्यांच्या नळ्यांतही क्षार साचतातच.

नियम झाला खरा, पण तोवर शहर बदलू लागले होते. बैठी घरे पाडून तिथे मजले उभे राहिले. आम्हीही गुडघ्यांमुळे २००९ साली लिफ्टच्या इमारतीत आलो. पाच मजले, तीस घरे आणि एकच गच्ची. इथे गणित फसते. गच्चीवरून तळमजल्यापर्यंत नळ सुमारे तीस मीटर. पाऊण इंची नळीत तेवढ्या लांबीत आठ-नऊ लिटर पाणी मावते. ते रात्रभरात गार झालेले असते. म्हणजे तळमजल्यावरच्या वहिनींना ऊन पाण्याआधी जवळजवळ अर्धी बादली गार पाणी सोडून द्यावे लागते. २०२४च्या उन्हाळ्यात शहरात बोअरवेल आटल्या आणि टँकरसाठी रांगा लागल्या तेव्हा त्या अर्ध्या बादलीची किंमत सगळ्यांना कळली. पाणी फिरते ठेवणारा पंप बसवला असता तर हे टळले असते. बांधणाऱ्याने वीजजोडणीपुरता नियम पाळला, नळ्यांचा विचार कोणी केला नाही.

मग खालच्या मजल्यांवर काय झाले? काहींनी विजेचे गिझर लावले. काहींनी गॅसचे छोटे गिझर लावले, कारण ते स्वस्त आणि पाणी झटकन देणारे. इथे मॉनच्या खोडीकडे परत येते. बंद न्हाणीघरात गॅस जळत राहिला की हवा अपुरी पडते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. तो रक्तातल्या प्राणवायूची जागा घेतो आणि माणूस मदतीला हाक मारायच्या आत कोसळतो. बंगळूर असो, पुणे असो, दर हिवाळ्यात अशी बातमी येतेच आणि पुष्कळदा ती तरुण जोडप्याची किंवा मुलीची असते. ज्यांच्याकडे न्हाणीघराच्या आत गॅस गिझर आहे त्यांनी हा लेख इथेच मिटून आधी तो बाहेर, मोकळ्या हवेत हलवून घ्यावा. उरलेला नंतर वाचला तरी चालेल.

आता फुकट विजेविषयी. 'गृहज्योती' योजना २०२३ साली आली. आधीच्या सरासरी वापरावर दहा टक्के वाढ धरून दोनशे युनिटांपर्यंत बिल नाही. सभेतल्या त्या तरुणाचे म्हणणे त्यामुळे चुकीचे नाही. त्याच्या खिशापुरते ते बरोबरच आहे. ज्या घरांत महिन्याचा खर्च मोजून होतो तिथे ही योजना केवढा आधार आहे हे मी आमच्या कामवाल्या ताईंकडून ऐकते. पण सौर तापक सांभाळून ज्याने साठ युनिटे वाचवली त्याची सरासरी कमी, म्हणून त्याची फुकट विजेची मर्यादाही कमी, हा हिशेब मला अजून पचलेला नाही. कॅलिफोर्नियात स्वस्त गॅसने जे केले तेच इथे शून्य बिल करू शकेल.

सभेत तिसरा पर्याय हीट पंपाचा होता. तत्त्व जुने आहे, लॉर्ड केल्विनने १८५२ सालीच मांडलेले. आपला फ्रिज आतली उष्णता बाहेर टाकतो, तसा हा पंप बाहेरच्या हवेतली उष्णता खेचून पाण्यात भरतो. एक युनिट वीज घेऊन सुमारे तीन युनिटांइतकी उष्णता देतो, म्हणजे त्या साठ युनिटांची वीस होतात. बंगळुरची सौम्य हवा त्याला मानवते आणि तो भर दुपारी चालवून पाणी साठवता येते, म्हणजे सकाळची झुंबड टळते. आवाज करतो, महाग आहे, आणि कठीण पाण्याशी त्याचेही वैर आहेच.

आणि गच्ची? २०२४च्या 'पीएम सूर्यघर' योजनेत घरगुती सौर विजेला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान ठेवले, त्यामुळे बऱ्याच गच्च्यांवर तापक काढून विजेची पॅनेले बसू लागली. मला आधी हे पटत नव्हते. तापक उन्हातली निम्मी उष्णता पकडतो आणि विजेचे पॅनेल पाचवा हिस्सा, मग शहाणपणा कसला? पण पाचव्या हिश्श्याला हीट पंपाने तिप्पट केले तर पुन्हा निम्म्याच्या वरच जातो. वर तार पाचव्या मजल्यावरून तळमजल्यापर्यंत नेताना निवत नाही. नळी निवते. वरच्या नऊ-दहा घरांसाठी चांगली पॅनेले वेचून नीट करावीत, खालच्यांसाठी दोन सामाईक हीट पंप आणि वर जमेल तेवढी सौर वीज, असा माझा प्रस्ताव आहे. खर्च मजल्याप्रमाणे नव्हे, वापराप्रमाणे वाटावा. यासाठी ऊन पाण्याला मीटर लागतील आणि मीटरवरून आणखी एक सभा लागेल, हे मला ठाऊक आहे.

सभा अनंत चतुर्दशीनंतरच्या दुसऱ्या रविवारी आहे. तळमजल्यावरच्या वहिनींनी यावेळी स्वतः बोलायचे कबूल केले आहे. इतकी वर्षे त्यांच्या वतीने भाऊजी बोलत. आपल्या मंडळातल्या ज्या कोणाच्या इमारतीत हीट पंप बसून दोन पावसाळे झाले असतील त्यांनी कृपा करून संध्याकाळच्या आरतीनंतर मला गाठावे. विजेची बिले सोबत आणलीत तर फार उत्तम, आणि पाणी कावेरीचे की बोअरवेलचे तेही सांगा.